बाहेरचं काहीच नव्हतं

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो 'घरी मासे पाळण्यातला आनंद'. आनंदावर लिहीन, पण शेवटी जागा उरली तर. आधी आरोप.

आपल्या जिल्ह्यात 'बाहेरचा नर' म्हणून जो गप्पी मासा विकला जातो, तो बहुतेक वेळा बाहेरचा नसतो. ज्या मादीसाठी तो घेतला, तिचाच तो भाऊ असतो, नाहीतर मुलगा, नाहीतर दोन्ही. विकणाऱ्याला हे माहीत असतं किंवा माहीत करून घ्यायचं नसतं. घेणाऱ्याला विचारायचं सुचत नाही. आणि वाकडी पिल्लं निघाली की दोष जातो पाण्याला, खाद्याला, नशिबाला. आणि माशांचं सगळं बघणारी बाई असेल तर तिला.

पहिल्या ओळीत आरोप करायची सवय मला घरात लागली. सोलापुरात भवानी पेठेत बाबांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त. यंत्रमाग कामगारांची मजुरी, नळाचं पाणी, अंगारे-धुपारे, कशाकशाविरुद्ध तिथे पत्रकं निघायची आणि त्यांच्या घड्या मी घालायचे. मला वाचता आलं ते 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. बालवाडीतल्या बाईंनी गाणं म्हण म्हटल्यावर मी मागण्या म्हणून दाखवल्या, असं आई अजून सांगते.

छापखाना बंद पडला तेव्हा वरची गच्ची रिकामी होती. तिथे मी सिमेंटच्या टाक्या बांधल्या आणि गप्पी माशांची पैदास सुरू केली. आता शिकाऊ म्हणावी अशी मी राहिले नाही. लोक मला 'मासेवाली ताई' म्हणतात, आणि त्यातून रोज घोटाळे होतात. एका गृहस्थांनी रविवारी सकाळी फोन करून मरळ आहे का विचारलं. मी नाही म्हटल्यावर, "मग रोहू द्या, पण साफ करून द्या" म्हणाले. मी सांगितलं की माझा सगळ्यात मोठा मासा करंगळीच्या पेराएवढा आहे. ते म्हणाले, "मग तुम्ही नेमकं करता काय?"

नेमकं काय करते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

गप्पी हा अंडी घालणारा मासा नव्हे. त्याची मादी महिनाभरानं जिवंत पिल्लं देते. नर छोटा, पण शेपटी पंख्यासारखी रंगीत. मादी मोठी आणि करडी. पैदास करायला अवघड काही नाही, आणि गोची तिथेच आहे. दोन मासे पाण्यात सोडले की पुढचं ते बघून घेतात. एका टाकीतले भाऊ-बहीण, बाप-लेक, आई-मुलगा, कुणी कुणाला ओळखत नाही. एक पंचाईत आणखी. मादी एकदा नराजवळ गेली की त्याचं बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवते. म्हणजे दुकानातल्या गर्दीच्या टाकीतून तुम्ही मादी आणली, घरी तिच्याजवळ कितीही लांबून आणलेला नर सोडला, तरी ती पुढचे कित्येक महिने पिल्लं देते ती आपल्या भावांचीच. म्हणून मादी कोवळी असतानाच वेगळी काढावी लागते. तिच्या पोटाच्या मागच्या टोकाला बारीक सावळा डाग दिसायला लागतो, तोच दिवस धरायचा. उशीर झाला की झालं.

भावा-बहिणीची पिल्लं झाली तर बिघडतं काय, हे मी आमच्या गावच्या भाषेत सांगते. प्रत्येक पिल्लू म्हणजे दुपदरी कापड. एक पदर आईकडून येतो, एक बापाकडून. प्रत्येक पदराला कुठे ना कुठे बारीक भोक असतंच. पण दोन पदर दोन वेगळ्या ताग्यांमधले असले की एकाच्या भोकावर दुसऱ्याचं चांगलं कापड येतं आणि काही दिसत नाही. दोन्ही पदर एकाच ताग्यातले असले की भोकावर भोक येऊ शकतं. मग पाठ वाकडी होते, शेपटी खुरटते, पिल्लं कमी होतात, जरा ऊन वाढलं की टाकीच्या टाकी मरते. एखादं वाकडं पिल्लू आईच्या म्हातारपणानं, रोगानं, निकृष्ट खाद्यानंही निघतं, ते मान्य. पण दर विणीला वाकडी पिल्लं वाढत गेली तर तागा एकच आहे असं समजावं.

हे सांगितल्यावर गिऱ्हाईक हसतं. बँकेतले एक क्लार्क मला म्हणाले, "आमच्यात मामाची मुलगी करतात की. माशांनीच काय पाप केलंय?" मी म्हटलं, साहेब, मामा निदान दुसऱ्या घरात राहतो. या टाकीत मामा तोच, बाप तोच आणि सासराही तोच. पानसुपारीला तरी कुणाच्या घरी जायचं? ते पुन्हा हसले आणि त्याच पिशवीतली जोडी घेऊन गेले. आमच्या धंद्यात 'जोडी' म्हणजे एका पिशवीतले दोन. शेपट्या एकसारख्या दिसल्या की लोकांना वाटतं, माल शुद्ध आहे. शुद्ध या शब्दाची मला चीड आहे, आणि ती माशांपासून सुरू झालेली नाही. पण माशांनी ती वाढवली.

आता माझ्या माशांबद्दल एक गोष्ट. माझ्या लाल शेपटीच्या गप्प्यांत एक वेगळेपण आहे. नर मोठा झाला की त्याच्या शेपटीच्या वरच्या कडेला काळी रेघ उमटते, लुगड्याच्या काठासारखी. ती मी कुठून आणली नाही, माझ्याच टाकीत निघाली आणि मी जपली. म्हणून त्यांना सगळे 'काठाचे गप्पी' म्हणतात. कोवळ्या नरात काठ दिसत नाही. रंग भरल्यावरच दिसतो.

हे नर मी राजूअण्णाला देत असे. राजूअण्णा म्हणजे आमच्याकडचा माशांचा ठोक व्यापारी. जिल्ह्यातल्या अर्ध्या दुकानांना त्याच्याकडून पिशव्या जातात. घरी तेलुगू, दुकानात मराठी आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याशी हिंदी, तिन्ही भाषांत तो एकाच गोडीनं थापा मारतो. मला तो नावानं हाक मारत नाही. मी दुकानात पाय ठेवला की, "काय पत्रक, आज कुणाचा निषेध?"

आणि शैलावहिनी. माढा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांना मी पैदास शिकवायला गेले होते. बाकीच्या ऐकून घरी गेल्या, शैलावहिनीनं घराच्या मागं टाक्या बांधल्या. नवरा साखर कारखान्यावर, घरात सासू. ही सासू तिची सख्खी आत्या. वहिनीला त्या घरात स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. आत्याच्या घरात भाची म्हणून आली की सून म्हणूनही मान नाही आणि पाहुणी म्हणूनही नाही, असं तीच हसत सांगायची. टाक्या मात्र तिच्या होत्या. कोवळी मादी ओळखण्यात तिची नजर माझ्याइतकीच तयार झाली.

मी तिला माझ्याकडच्या कोवळ्या माद्या दिल्या आणि बजावलं, नर माझा घ्यायचा नाही. बाहेरचा घ्यायचा. राजूअण्णाकडे चेन्नईचा माल येतो, तिथून आणा. पुढच्या पिढीलाही नवा नर, तोही बाहेरचाच. वहिनीनं दोन्ही वेळा तसंच केलं. कारखान्याच्या कामाला सोलापूरला येणाऱ्या नवऱ्याकरवी तिनं नर मागवले आणि प्रत्येक वेळी निरोप धाडला की माल चेन्नईचाच पाहिजे.

मग एका दुपारी तिचा फोन. आवाज दबलेला.

"ताई, पिल्लं वाकडी निगायलीत. पयल्या टायमाला थोडी होती, मी बोलले न्हाय. आता निम्मी."

मी खाद्य विचारलं, पाणी विचारलं, ऊन विचारलं. सगळं ठीक होतं. मग तिनं खरं सांगितलं. तिच्या अडचणीच्या दिवसांत, म्हणजे ती बाहेर बसलेली असताना, एकदा टाकीचं पाणी बदलायची वेळ आली आणि तिनं ते बदललं. ते आत्यांनी पाहिलं. पिल्लं वाकडी निघाली तेव्हा आत्यांना कारण सापडलं. मग गावातल्या देवऋष्याला विचारलं. तो म्हणाला, घरावर भाईरचं काहीतरी हाय, आणि ते या पाण्यातनं आलंय. येत्या अमावस्येच्या आत टाक्या मातीनं बुजवा आणि सुनेचा हात कुठल्याच साठ्याच्या पाण्याला लागू देऊ नका.

"माती आणून टाकली बी हाय परड्यात," वहिनी म्हणाली. "पिण्याच्या रांजणाला बी हात लावू देत न्हाईत. तुमी येऊन जावा. मासं गेलं तर गेलं, पर मी काय केलं ते तरी कुनी सांगा मला."

मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "पत्रक काढ." मी म्हटलं, आधी एसटी पकडते.

गेले. घरामागं खरंच मातीचा ढीग होता आणि त्यावर फावडं उभं रोवलेलं होतं. आत्या दारातच बसल्या होत्या. उंच, कोरडी बाई. मला चहा आला, पण वहिनीच्या हातून नाही. तो आत्यांनी स्वतः आणला. वहिनी चार हात लांब उभी होती, स्वतःच्या टाक्यांपासून लांब.

मी टाकीत वाकून पाहिलं. निम्मी पिल्लं कोयत्यासारखी. काही नीट पोहू शकत नव्हती, तळाशी घसटत होती. मग मोठ्या माशांच्या टाकीपाशी गेले. नर शेपट्या फुलवून फिरत होते. एक काचेच्या बरणीत घेतला आणि उन्हात धरला.

शेपटीच्या वरच्या कडेला काळी रेघ.

"हा नर कुठला?" मी विचारलं.

"राजूअण्णाचा की. चेन्नईचा," वहिनी लांबूनच म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा चेहरा जरा खुलला. "बारका होता तवा कळत नव्हतं. मोठा झाल्यावर बगितलं तर काठ बी जुळला! म्हटलं, लई चांगलं झालं. तुमच्याला आन ह्येला येकच काठ. जोडी शोभती."

तिनं काठाकडे बाईच्या नजरेनं पाहिलं होतं. लुगड्याला शोभेल असं पोलकं मिळावं तसा तिला तो नर मिळाला होता. त्या रेघेनं मला जे ओरडून सांगितलं, ते तिला शुभशकुनासारखं वाटलं होतं. मी दुसरा नर काढला. काठ. तिसरा. काठ. पहिल्या खेपेचे म्हातारे नर वेगळ्या टाकीत होते, त्यांनाही काठ.

मी तिथेच मातीच्या ढिगावर बसले. मी काय करत होते? प्रत्येक विणीतले नर आणि माद्या लवकर वेगळ्या काढत होते. माद्या वहिनीला देत होते. त्यांचेच भाऊ रंग भरायच्या आत अण्णाकडे पोचवत होते, कारण सोलापुरात नळाला पाणी कधी सुटेल त्याचा भरवसा नाही आणि सगळ्यांना मोठं करायला टाक्या पुरत नाहीत. आणि अण्णा तेच भाऊ चेन्नईचे म्हणून वहिनीला विकत होता. दोन पिढ्या, दोन्ही वेळा. माझ्याकडे मी गट वेगळे ठेवून नर फिरवते, म्हणून भोक झाकलेलं होतं. इथे भोकावर भोक पडलं.

"आत्या," मी म्हटलं, "देवऋषी म्हणाला ना, बाहेरचं काहीतरी आहे? ते अगदी उलट आहे. या टाकीत बाहेरचं काहीच नाही. तेच दुखणं आहे. ही सगळी एका घरातली आहेत. भावा-बहिणीची, आणि त्यांच्या लेकरांची पुन्हा मामाशी."

हे बोलले आणि जीभ चावली. आत्यांची मान ताठ झाली.

"म्हंजी आमच्या घरावर बोलायलीस व्हय? शैली माज्या भावाची हाय. माज्या पोराला मामाची केली. काय वाकडं झालं आमचं?"

वहिनी खाली बघत होती. मी पत्रकात वाढलेली. समोरचा चिडला की माझा आवाज चढतो. तो चढायच्या आत परड्याच्या कोपऱ्यात बांधलेली शेळी ओरडली. त्यावरून मला सुचलं.

"माणसांचं डॉक्टरला विचारायचं, आत्या. मी माशांची आहे. मला एवढंच सांगा, या शेळीला बोकड कुठला दाखवता?"

"खालच्या वस्तीवरचा."

"घरी झालेला एखादा ठेवत नाही?"

"कशाला ठेवीन? तिचंच पोरगं तिच्यावर?" आत्या तिरस्कारानं म्हणाल्या. "करडं मरतुकडी व्हत्यात. येडी का काय तू?"

मी फक्त बरणी त्यांच्या हातात दिली आणि काळी रेघ दाखवली. मग माझ्या फोनमधला माझ्या गच्चीवरच्या नराचा फोटो दाखवला. आत्यांनी बरणी उन्हात फिरवली, फोटो बघितला, पुन्हा बरणी. मग त्या वहिनीकडे न बघता म्हणाल्या, "मग त्या सोलापूरच्या मुडद्याला का न्हाई इचारत जाऊन?"

फावडं मात्र ढिगावरून हललं नाही. अमावस्या अजून यायची होती, आणि आत्यांना पिल्लं सरळ निघालेली बघायची होती. तोवर वहिनीनं टाक्यांचं काम बघावं, पिण्याच्या पाण्याला हात लावू नये, असं ठरलं. ठरलं म्हणजे आत्यांनी ठरवलं.

मी तशीच अण्णाकडे गेले. दुकानात पिशव्या टांगलेल्या, फुगलेल्या, प्रत्येकीत रंग. "काय पत्रक," असं तो म्हणतोय तोवर मी बरणी काउंटरवर ठेवली. चेन्नईचा आहे का हा, मी विचारलं.

अण्णानं बघितलं. काठही बघितला. त्याचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही.

"भाईरचाच की," तो म्हणाला. "तुझ्या घरातून भाईर पडला, माझ्या दुकानात आला. तिला भाईरचाच झाला ना?"

मला हे कबूल करायलाच हवं की उत्तर चोख होतं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी हसले नाही. मी त्याला वहिनीचं सगळं सांगितलं, मातीच्या ढिगासकट. तो ऐकत गेला तसा जरा गंभीर झाला, पण त्याच्याकडे त्याचंही म्हणणं होतं आणि ते मी इथे लिहिलं नाही तर मी प्रामाणिक नाही. चेन्नईचा खरा नर दिला की पुढच्या विणीत शेपट्या वेगवेगळ्या निघतात. गिऱ्हाईक पिशवी परत आणतं आणि भेसळ म्हणून बोंब मारतं. लोकांना एकसारखी शेपटी पाहिजे आणि वर 'बाहेरचा' हा शब्दही पाहिजे. "मी दोन्ही देतो," अण्णा म्हणाला. "शेपटी तुझी, शब्द माझा."

"आणि पाठ कुणाची?" मी विचारलं.

तो पिशवी बांधायला लागला.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि विशेषणं खोडली. 'नराधम' हा शब्द जाताना मला फार वाईट वाटलं. विशेषतः त्यात नर होता म्हणून. उरलं ते साधं होतं: विकताना सांगा, मासा कुणाकडून आला. घेताना विचारा, जोडी एका पोटची तर नाही. बाहेरचा म्हणाल तर कुठला, ते बोला. ते मी जिल्ह्यातल्या मासेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत ग्रुपनं मला बाहेर काढलं. आयुष्यात माझ्याइतकी झटपट बाहेरची तिथे दुसरी कुणी झाली नसेल. त्यानंतर तीन-चार दुकानांनी माझा माल घेणं थांबवलं. मला शिव्या देणाऱ्यांत शुद्ध लाइन शुद्ध लाइन करणारे हौशी लोक सगळ्यांत पुढे होते. त्यांचे मासे वर्षानुवर्षं घरातल्या घरात वाढलेत आणि त्यांच्या टाक्यांत उन्हाळ्याअखेर काय उरतं ते त्यांना आणि मला माहीत आहे. एकानं लिहिलं, तुमच्यासारख्यांमुळेच भेसळ वाढते. मी उत्तर दिलं, वाढू दे.

पण पत्रकानं वहिनीच्या परड्यातला ढीग हलणार नव्हता. तिथे हवा होता नर. खराखुरा बाहेरचा. आणि अमावस्या जवळ येत होती.

नर सापडला तो तिच्याच गावात. हिवतापाच्या डासांसाठी आरोग्य खातं गप्पी मासे सोडतं, ते सगळ्यांनी पाहिलेत. गटारीशेजारच्या हौदात, पडक्या विहिरीत. मळकट, बारीक शेपटीचे, अंगावर एखादा निळा नाहीतर केशरी ठिपका. दुकानदार त्यांना मासा समजत नाहीत, औषध समजतात. पण ते गप्पीच आहेत, आणि माझ्या ताग्याशी त्यांचा काही संबंध नाही. शाळेमागच्या पडक्या विहिरीत ते कधीपासून होते कुणालाच आठवत नव्हतं. उन्हाळे, गढूळ पाणी, पोरांचे दगड, सगळ्यांतून राहिलेले.

वहिनीलाच ते पटेना. "ताई, मी लाल शेपट्या एवढ्या जपल्या. त्येंच्यात हे सोडायचं? गटारीतलं?"

"शेपटी परत आणता येते वहिनी. निवडत गेलं की दोन-तीन पिढ्यांत रंग येतो. पाठ येत नाही."

तेव्हा आत्या दारातून म्हणाल्या, "बोकडाची काय शेपूट बगत्यात व्हय?"

विहिरीतून आम्ही फक्त नर धरले, कारण मादी धरली तर तिच्या पोटात विहिरीतलंच बीज येणार आणि वहिनीच्या ताग्यातलं त्यात काहीच येणार नाही. आधी ते मिठाच्या पाण्यात वेगळे ठेवले, म्हणजे विहिरीतला रोग टाकीत यायला नको. त्या दिवसांत अमावस्या येऊन गेली. देवऋषी विचारायला आला होता म्हणे. आत्यांनी त्याला सांगितलं की माती घराच्या पडवीला सारवायला लागणार आहे. वहिनी हे फोनवर सांगताना इतकी हसली की मला नीट कळलंच नाही, पुन्हा विचारावं लागलं.

मग वहिनीनं कोवळ्या माद्या निवडल्या, ज्यांना अजून कुठलाही भाऊ शिवला नव्हता, आणि हे मळकट नर त्यांच्यात सोडले. महिना आम्ही दोघी रोज फोनवर एकच बोलत होतो. मला त्या दिवसांत माझ्या दुकानांचं काही वाटेनासं झालं. एका बाईचा हात पाण्याला लागावा की लागू नये, हे करंगळीच्या पेराएवढ्या माशाच्या पाठीवर ठरणार होतं. ही गोष्ट मला अजूनही संतापजनक वाटते. पिल्लं वाकडी निघाली असती, तरी तिचा हात तोच असता.

पिल्लं सरळ निघाली. करडी, कुणाच्याही डोळ्यांत न भरणारी, आणि सरळ. टाकीत हात घातला की बाणासारखी पळणारी. काही मोठ्या झालेल्या नरांत शेपटीच्या बुडाशी तांबूस झाक दिसते. काठ अजून कुणालाच नाही. येईल, किंवा नाही येणार.

अण्णाच्या दुकानात आता फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं, कुठली पिशवी कुणाची. सगळ्या पिशव्यांचं नाही, आणि 'चेन्नई' हा शब्द अजून जरा सढळ हातानं पडतो. परवा मी गेले तर म्हणाला, "पत्रक, त्या विहिरीतले आहेत का थोडे? मागायलेत लोक." मी विचारलं, काय म्हणून मागतात? तर म्हणाला, "भाईरचे."

गेल्या महिन्यात वहिनीकडे गेले होते. दारात आले तर ती ओट्याच्या कडेला, वेगळ्या चटईवर बसलेली. ताट-तांब्या वेगळा. मला कळलं. माझे कान पुन्हा तापले. एवढं सगळं झालं, मासे समजले, बोकड समजला, आणि हे तसंच. मी आत्यांना काहीतरी बोलणार, इतक्यात शेजारची बाई परड्याच्या कुडावरून डोकावली. वहिनी उठून टाकीकडे निघाली होती ते तिनं पाहिलं. ती म्हणाली, "आगं आत्या, भाईर बसलीया न्हवं ती? आन पाण्याला हात?"

आत्या शेळीला पाला घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मग?" त्या म्हणाल्या. "टाक्या बी भाईरच हायत की. मासं बी भाईरचं. तुला काय हाय?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं, हसली, आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.